बॅटरी ब्याऐंशी टक्के

ब्लू रॉक्स, नोव्हा स्कोशिया
१४ एप्रिल २०१९

ती. लिओटाताईस,
ओरिनचा शि. सा. न. वि. वि.

विनिपेगला अजून बर्फ आहे हे वाचून इथल्या चिखलाबद्दल बरं वाटलं. बातमी एकच. शिडाच्या बोटीतलं डिझेल इंजिन काढलं. एकतीस वर्षं ते पायाशी धडधडत होतं. आता तिथे विजेची मोटर आहे, आईच्या सुपाच्या पातेल्याएवढी. वजन घटल्यामुळे बोटीची मागची बाजू वर आली. बॅटऱ्या मागे सरकवल्या, तरी भागेना. शेवटी जुन्या इंजिनाचे तुकडे तळाशी परत भरले. धक्क्यावरचे लोक म्हणतात, ओरिनने इंजिन काढलं नाही, पेन्शनीत बसवलं.

हा खटाटोप व्हेल्मा कॉर्कमसाठी. डिझेलच्या वासाने तिला मळमळतं, त्यामुळे शेजारी असून ती बोटीत पाय ठेवत नाही. मला तिला लग्नाचं विचारायचंय, आणि ते भर समुद्रातच. गावात काही बोललं की दुपारपर्यंत चर्चमध्ये पोचतं.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा ओरिन

विनिपेग
२ मे

चि. ओरिनास, अ. आ.

अरे, स्वयंपाकघरात टेबलापाशी विचारलं असतंस तर एव्हाना लग्न होऊन भांडणही झालं असतं. व्हेल्माने मला कळवलंय, जूनअखेर ती कायमची मुलीकडे कॅल्गरीला निघाली आहे. अंगणात घरविक्रीची पाटी लागली, आणि तू बॅटऱ्या सरकवतोयस!

तुझी मार्था देवाघरी गेल्यावर दोन वर्षं तू खारवलेला हेरिंग मासा ओट्यापाशी उभ्याउभ्या खायचास. व्हेल्मा जेवायला यायला लागली, तेव्हा तू पुन्हा खुर्चीवर बसलास. ती गेली तर काय होईल ते मला पाहायचं नाही. लवकर विचार.

गुडघ्याला जप.
तुझी ताई

ब्लू रॉक्स
२७ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

विचारलं. परवा शनिवारी व्हेल्मा बोटीत बसली. मळमळलं नाही. वारा नव्हता, म्हणून मोटरवरच निघालो. मोटरचा आवाज इतका कमी की चालू आहे का ते दोनदा वाकून पाहिलं. बंदराबाहेर पोचेपर्यंत धीर निघेना, म्हणून धक्क्यासमोरच, बोटीत नेहमी बोलतो तसं, हळुवारपणे विचारून टाकलं. नेमके तेव्हाच शेवंडाचे सापळे उतरवणारे लोक हातातलं काम टाकून आमच्याकडे बघायला लागले. लोकांना दुसऱ्याची बोट बघायची भारी हौस.

व्हेल्माचे ओठ हलले, शब्द काही बाहेर आला नाही. ती अवघडली असेल म्हणून मी विषय बदलला आणि बॅटरी ब्याऐंशी टक्के आहे असं सांगितलं. त्यानंतर ती गप्पच. म्हणजे नकार. आता तिच्या दारावरून जाववत नाही. धक्क्यावर मागच्या कुंपणावरून उडी मारून जातो. ताई, फार वाईट वाटतं गं. मोटर उत्तम चालते.

तुझा ओरिन

ब्लू रॉक्स
३ जून

लिओटाताईंना,
व्हेल्मा कॉर्कमचा स. न. वि. वि.

तुमच्या भावाने काय कळवलं असेल देव जाणे, म्हणून मीच लिहिते. एकतीस वर्षं त्या इंजिनाच्या धडधडीत ओरडून बोलायची सवय. इंजिन गेलं, ओरडणं तसंच राहिलं. माझ्याशी लग्न करशील का, हे त्याने एवढ्या मोठ्याने विचारलं की वरच्या रस्त्यावरच्या बायका खिडकीत आल्या. मी लाजून हळूच हो म्हटलं. त्यावर त्याने मला बॅटरीची टक्केवारी सांगितली.

मला वाटलं, विचारून पस्तावला. आठवडाभर गाव माझं अभिनंदन करतंय, सफरचंदाचे दोन केक आले, आणि नवरदेव कुंपणावरून पळतोय! मी रडले, खोटं कशाला सांगू. काल घर घेणाऱ्यांना होकार कळवायला फोन हातात घेतला, तेवढ्यात मागच्या खिडकीतून हा दिसला. विजार कुंपणाच्या खिळ्यात अडकलेली, एक पाय माझ्या अंगणात, एक त्याच्या.

फोन ठेवला. बाहेर गेले, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा जीव एकवटून ओरडले, की हो, त्या दिवशीही हो म्हटलं होतं, आजही हो. पलीकडच्या घरातून टाळ्या आल्या.

विक्रीची पाटी उपटून टाकली आहे. लग्न सप्टेंबरात, तुम्ही यायचंच.

ओरिनने विजार सोडवली, मला जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि विचारलं, एवढं ओरडतेस कशाला, मी काय बहिरा आहे?

आता नात्याने धाकटी, तेव्हा हक्काने रागवत जा.
तुमची व्हेल्मा