वासिती आत्या येणार म्हणून बुजलेलं भगदाड

आदरणीय वासिती आत्या यांना,
धाकट्या भावाच्या मुलीचा, मेलेआनेचा, खाली बसून नमस्कार. (उभ्यानं केलेला तुम्हाला चालत नाही, हे लक्षात आहे.)

तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलं आणि तुम्ही तो डॉक्टरच बंद केलात, असं बाबांकडून कळलं. इकडे सगळे मजेत. आमची डुकरीण व्याली. पिल्लं माझ्या कचेरीच्या फळ्यांच्या जमिनीखाली राहतात आणि सगळ्या कचेरीत हजेरी त्यांचीच चोख आहे.

बेटावरच्या बांधकाम कचेरीची मी साहेब झाले, हे तुम्ही राजधानीत चर्चच्या दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलंत म्हणे. पुढे काय झालं ते तुमच्या कानावर आलं नसणार, म्हणून हे पत्र. आम्हा नव्या साहेबांना पुढारपण शिकवायला ब्रिस्बेनहून राजधानीत बाई आल्या होत्या, तेव्हा मी तुमच्याकडेच उतरले होते. (पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘काय शिकवलं?’ मी म्हटलं, ‘दुसऱ्याचं ऐकून घ्यायला.’ तुम्ही म्हणालात, ‘ते तुला मी लहानपणीच शिकवलं होतं, कान धरून.’) तर बाईंचं म्हणणं असं, की हुकूम सोडायचे नाहीत, विचारायचं. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि कामं वाटून द्यायची.

परत आल्या आल्या मी रस्ता सपाट करणारा आमचा ग्रेडर चालवणाऱ्या म्हाताऱ्या फिलिमोनेच्या डोळ्यांत बघायला सुरुवात केली. तो बिचारा मान खाली घालून घरी गेला आणि दुपारी त्याची बायको पाल्याचा रस घेऊन आली. ‘पोरी, डोळे आलेत ना तुझे? थेंब थेंब घाल.’ मग कामं वाटली. कचेरीचे पडदे धुवायचं काम मी कारकून सेमिसीला दिलं. त्यानं ते मेहुण्याला दिलं, मेहुण्यानं बायकोला, तिनं मावशीला, आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर आमची आई अंगणात पडदे पिळत बसलेली. कुणासाठी धुतेय हे तिला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण गुरुवारी वादळ झालं आणि धक्क्याकडे जाणारा रस्ता समुद्रानं मधोमध तोडला. भगदाड असं, की फिलिमोनेचा ग्रेडर आत उभा केला तर वरून नुसतं छप्पर दिसेल. आता खालच्या गावातली शिक्षिका लाविनिया तुम्हाला आठवत असेल. तिला जुळं आहे, दिवस भरत आलेत, आणि नर्सनं निक्षून सांगितलं होतं की सोमवारच्या बोटीनं तिला मोठ्या इस्पितळात न्यायचंच, इथे आपल्याच्यानं निभणार नाही. होडीनं न्यावं तर खडकांवर लाटा फुटत होत्या. शुक्रवार पावसानं खाल्ला. रविवारी आपल्याकडे कुणी सुईसुद्धा हातात धरत नाही. राहिला एकटा शनिवार.

शनिवारी सकाळी मी दोन्ही गावं भगदाडाच्या काठावर गोळा केली आणि (शिकवल्याप्रमाणे) विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ वरच्या गावाला वाटत होतं की भगदाड खालच्या गावाच्या हद्दीत आहे. खालच्या गावाला वाटत होतं की ते वरच्याच्या. मग आजोबांच्या वेळची हद्द निघाली, कुणाच्या तरी लग्नात कमी पडलेलं डुक्कर निघालं, कावाच्या मुळ्यांच्या पेयाचं भांडं फिरायला लागलं, आणि सूर्य डोक्यावर आला तरी सगळ्यांना वाटतच होतं. लाविनिया फणसाच्या झाडाखाली चटईवर बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘मेलेआने, यांना काय वाटतं ते कळलं. मला काय वाटतं ते सांगू? मला भीती वाटतेय गं.’

आत्या, माझं सगळं शिक्षण तिथेच गळालं. मी दगडावर बसले, डोळे भरून आले आणि स्वतःशीच पुटपुटले, ‘वासिती आत्या इथे हव्या होत्या.’ शेजारी फिलिमोने. (इंजिनाच्या आवाजानं त्याचे कान कधीच गेलेत.) तो दचकून उठला. ‘काय? वासिती येतेय? सोमवारच्या बोटीनं?’

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात दोन माणसं फावडी आणायला पळालीसुद्धा. मी तोंड मिटलं.

वरच्या गावचा मुखिया उठला. ‘आमची लेक येणार आणि चिखल तुडवत माहेरी येणार?’ खालच्या गावचा त्याच्यावर ओरडला, ‘लेक तुमची होती! आता सून आमची आहे!’ मग काय विचारता! खालचं गाव पोहत पलीकडच्या काठावर गेलं. एका बाजूनं नारळाचे ओंडके, दुसऱ्या बाजूनं प्रवाळाचे धोंडे. बायका वाळूची पोती भरायला लागल्या. दोन्ही चर्चची गाणारी मंडळी दोन काठांवरून एकमेकांवर सूर चढवायला लागली. मी कमरेपर्यंत पाण्यात. नवे बूट समुद्राला मिळाले. आणि ऐकते तर कुणीतरी ओरडतंय, ‘ओंडका आडवा! आधी धोंडे, मग वाळू! सेमिसी, चहा नंतर!’ बऱ्याच वेळानं कळलं की ती मीच. आवाज मात्र हुबेहूब तुमचा. दिवस मावळायच्या आत दोन्ही गावं मध्यावर भेटली.

रविवारी अख्खं बेट गुडघे टेकून एकच मागत होतं, की भराव वाहून जाऊ नये. सोमवारी लाविनियाला घेऊन ट्रक त्यावरून इंच इंच सरकला. पुढे फिलिमोने हातात टोपी धरून उलटा चालत होता. ट्रक पलीकडे गेला तेव्हा इतका आरडाओरडा झाला, की बोटीच्या कप्तानाला वाटलं मारामारी जुंपली. रात्री निरोप आला. दोन्ही मुली, तिघीही सुखरूप. बाबा रडले. (त्यांनी पत्रात लिहू नको म्हटलंय.)

बाकी सर्व ठीक.
तुमची, बाबांहूनही जास्त तुमचं ऐकणारी भाची,
मेलेआने

ता. क. बोटीवर तुम्ही नव्हतात, आणि धक्क्यावर दोन्ही गावं चटया आणि हार घेऊन उभी होती. समुद्र शांत झाल्यावर आत्या येतील, असं मी सांगून बसले आहे. तेव्हा कृपा करून येत्या सोमवारी याच. भरावाशी थांबून, खाली बघून, नुसतं ‘हं’ म्हणा. तेवढं पुरे.

आणखी एक. वरच्या गावानं एका मुलीचं नाव वासिती ठरवलंय. खालच्या गावानं दुसरीचं. लाविनिया म्हणते, आत्यांनीच येऊन निवाडा करावा.

शेवटचं. ब्रिस्बेनच्या बाईंनी पुढच्या वर्गात खंबीर पुढारपणावर मलाच बोलायला सांगितलंय. काय बोलू ते आल्यावर सांगा. आज सकाळी फिलिमोने विचारत आला, ‘भरावाखाली पाण्याला वाट कधी करायची?’ मी म्हटलं, ‘उद्या.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि सामान काढायला गेला. आत्या, तुमचं नाव घ्यावंच लागलं नाही! तरी याच. दोन्ही गावांनी तुमच्यासाठी बांधलेली डुकरं फार लठ्ठ झाली आहेत.