मोटरची चेन आणि पूजेतली पेटी

भुईगाव,
६ ऑक्टोबर २०२५

चि. श्रीरंग यास अ. आ.

फोनवर तू हसून विषय गुंडाळतोस, म्हणून लिहून पाठवते. तू मोटर बसवून दिलेल्या सायकलीवरून तुझे भाऊजी दसऱ्यालाच पडले. मोटरची चेन मागच्या टायरला घासत घासत त्यातच रुतली, चाक जागच्या जागी आवळलं आणि माणूस विहिरीच्या कठड्यावर. मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. टायर मी स्वतः पाहिला, कडेला करवत फिरवल्यासारखी चीर पडली आहे. गुडघे दुखतात म्हणून मोटर मागितली होती, हात मोडायला नव्हे! मॅट्रिक झालेल्या बाईला दिसतं ते तुला कारखान्यात वीस वर्षं काढून दिसू नये?

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. देवाने थोडक्यात निभावलं, तू नाही. लोभ सध्या फडताळात ठेवला आहे.

तुझी ताई,
सरोजिनी

मनवेलपाडा,
१० ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचं वाचून वाईट वाटलं, पण राग मलाही येतो. चेन घासते हे मला तेव्हाच दिसलं होतं. मागच्या दातेरी चक्राखाली दोन वॉशर घालून चेन बाहेर घ्यायची. फार घेतली तर ती फ्रेमच्या नळीला लागते, म्हणून टायरही बारीक घालायचा. चेन आणि टायरमधून आगपेटी सरकली पाहिजे. अर्ध्या तासाचं काम. पण माझी पान्यांची पेटी कुठे होती? मोटर बसवून मी हात धुतो तोवर तू ती हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पूजेत मांडली होतीस. हात पुढे केला तर म्हणालीस, पूजेतली हत्यारं आज उचलायची नाहीत, उद्या काय ते कर. उद्या पहाटे माझी ड्यूटी होती. पेटी तिथेच सोडून आलो. निघताना भाऊजींना दोनदा बजावलं, मी येईपर्यंत सायकल काढू नका. विचार त्यांना.

फडताळाला कुलूप लावू नकोस एवढंच मागणं.

तुझा,
श्रीरंग

भुईगाव,
१४ ऑक्टोबर

चि. श्रीरंग यास अ. आ.

विचारलं. आधी पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, मित्र म्हणून बॅप्टिस्टला सोनं द्यायला दरवर्षी चालत जातो, यंदा मोटर दाखवायची होती. दोन गल्ल्यांचं अंतर! आपट्याची पानं रस्ताभर, आणि ह्यांना उचलून घरी आणलं ते बॅप्टिस्टनेच. मला मात्र म्हणाले होते, श्रीरंग काहीच बोलला नव्हता. दोन दिवस त्यांना नुसता वरण-भात वाढते आहे.

तुला उगाच बोलले. पूजेतलं हत्यार उचलू दिलं नाही ते चुकलं असं तोंडाने म्हणवत नाही; पण रोज दिवा लावताना ती पेटी समोर दिसते आणि हात जोडवत नाहीत. आज कुंकू पुसलं, पान्यांना तेलाचा हात फिरवला, पेटी ओट्यावर आणून ठेवली.

भाऊबीजेला सकाळीच ये. आधी चेन, मग ओवाळणं. मी आगपेटी घेऊन शेजारी उभी राहीन. ती सरकली नाही तर पाट मांडणार नाही. राग अजून तिघांवर आहे. तिसरी मी.

लोभ फडताळातून काढला आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई