उत्पलाच्या नव्या गोळ्या

जळगाव, १४ ऑगस्ट १९८९

प्रिय अक्का,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू दचकशील. घरी सगळे सुखरूप आहेत, हे आधीच लिहिते.

आमच्या उत्पलाला जूनपासून फिट येतात. नऊ वर्षांची पोर, पाढे म्हणता म्हणता मान एकीकडे वळते आणि खाली कोसळते. पहिल्या औषधानं फिट थांबल्या नाहीत, पोर मात्र दिवसभर पेंगायची. सातचा पाढा विसरली. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. जुनी हळूहळू कमी करायची, एकदम सोडायची नाही. अंगावर पुरळ आलं तर लगेच आणा, म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी मी तिला दारातल्या उजेडात उभी करून पाठ, पोट, मान बघते. परवा मानेवर लाल ठिपका दिसला. वेणी अर्धी सोडून तशीच तिला दवाखान्यात घेऊन धावले. डॉक्टर म्हणाले, "बाई, डास चावलाय." उत्पला हसली, मला तिथंच रडू कोसळलं. परतताना विचारते, "आई, या गोळीनं मी पुन्हा विसरेन का गं सगळं?" गोळी माझ्याच हातानं देते आणि ती गिळली की तिच्या तोंडाकडे बघत बसते.

काल शेजारी बारसं होतं. उत्पला पाळण्याजवळ गेली तशी बाळाच्या आजीनं मला बाजूला घेतलं. अगदी मायेनं म्हणाली, "हिले घरी ने व माय, लेकरू घाबरीन." फिट आलेलीसुद्धा नव्हती. पोरीचा हात धरून निघाले. अक्का, एरंडोलला माझ्या दिराच्या लग्नात तुझ्या विशाखाला फिट आली, तेव्हा हेच मी तुला म्हणाले होते. तू तिचं तोंड पदरानं पुसलंस आणि न जेवता, भर उन्हात धुळ्याची एस.टी. धरलीस. पुढच्या वर्षी विशाखा गेली. तेव्हाही मी पिंपळनेरला तुझ्याकडे येऊन तासाभरात परतले. माफी मागायला मला तोंड नाही. पण शुद्धीवर आली की उत्पला विचारते, "मला काय झालं होतं?" आणि मी उगाच तिची वेणी घालायला घेते. तेव्हाच तुझ्याजवळ बसून विचारायला हवं होतं, ते आज विचारते. विशाखाला तू काय सांगायचीस?

तुझीच,
लीला