पंख्याची दोरी सोडा

बाबा,

पाया पडतो, पण आज रागातच पडतो. फोनवर तुमी नुसतं बरं बरं म्हणता, म्हणून लिहितोय. धाकट्या हेमालीकडून वाचून घ्या.

दिवाळीत गावी दांडीला येऊन घरावर पवनचक्की कशाला बसवली मी? वाऱ्यात तारा तुटून गावात अंधार झाला तरी आपल्या घरात दिवा राहावा म्हणून. आनि तुमी वारा उठला की तिची पाती दोरीनं बांधून ठेवता. ते काय होडीचं शीड हाय, उतरवायला? जोराचा वारा आला की ती आपली आपण तिरकी होते. बांधलेल्या पंख्यानं बॅटरी कशी भरणार?

परवा आई अंधारात ओटीवरून पडली. हात सुजलाय, तरी म्हणते काय नाय झालं. डॉक्टरला दाखवलं का?

वर हेमाली सांगते, पाती बांधताना तुमी पुटपुटता, "पोरगा वर असंल." ते ऐकून तर डोकंच फिरलं. बाबा, इथं कच्छात मी ज्या पवनचक्क्या दुरुस्त करतो, त्या तुमच्या दोरीनं थांबत नाय. वारा वाढला की आमाला वर चढूच देत नाय, वर असलो तर खाली बोलावतात. जेवण चांगलं हाय, फक्त मासळी नाय.

मागच्या मंगळवारी तेवढा उतरायला उशीर झाला. त्या दिवशी तुमी दोरी बांधली होती का, ते कळवा.

आनि मंग सोडा ती.

रागावलेला, तुमचाच
दर्पण