ताबा देऊन टाकू

प्रिय दादा,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आता कागदाला तरी ‘कळलं गं, कळलं’ म्हणू नकोस. वहिनी सांगत होती, दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तुला मध्येच कठडा धरून थांबावं लागतं. गच्चीवरून खालच्या गवंड्याला हाक मारून हलवणारा तू!

तुझ्या साइटवर मी इतकी वर्षं काढली, तिथली रीत मला पाठ आहे. टाइल्स बसल्यावर प्लंबर उगवायचा, टाइल्स फुटायच्या, तू दोघांना फैलावर घ्यायचास आणि संध्याकाळी हसत म्हणायचास, ताबा देऊन टाकू, बाकीचं नंतर बघू. भिंतीला ओल आली की माणूस पाठवायचास. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दार ठोठावून आत जाता येत होतं ना.

मग तुझी साइट सोडून मी या कंपनीत आले. इथे, हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र करताना, सुरुवातीला मी मेटाकुटीला आले. वस्तू बनायच्या आधीच ती कशी कशी बिघडेल ते ठरवायचं. नुसता चिकटवायचा गोंद बदलला तरी चाचण्या पहिल्यापासून. ज्याने बनवलं त्याने तपासायचं नाही. तुझ्याकडे उशीर झाला की माणसं वाढवता येतात. इथे यंत्र पाण्यात ठेवून आत ओल शिरते का ते बघत बसायचं; कितीही माणसं उभी केली तरी ते पाणी लवकर झिरपत नाही. पुढे मला हा चिवटपणा आवडायला लागला. कातडीखाली गेलेल्या यंत्राकडे कुणाला पाठवणार?

आणि तुझा जुना भागीदार आमचा साहेब होऊन आला. वेळेत काम काढणारा माणूस, ही शिफारस तुझीच. किळस येते रे, त्याच्या टेबलाशी उभं राहायचीही किळस येते. चाचणीत काही यंत्रांच्या आत ओल शिरली. मी ते त्याच्यापुढे ठेवलं, तर दात कोरत म्हणाला, ताबा देऊन टाकू, बाकीचं नंतर बघू. तुझं वाक्य, तुझ्याच सुरात. बैठकीतले सगळे फिदीफिदी हसले. मी सही नाकारली, त्याने दुसऱ्याची घेतली, माल बाहेर पडला. मी नोकरी सोडली आणि तपासणी खात्याला कळवलं. ते त्यांच्या चालीने येतील.

पण काल वहिनीने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की गुरुवारी तुला बसवायचं यंत्र त्यानेच भेट म्हणून पाठवलंय, आपल्या माणसाला त्याच पहिल्या खेपेतलं. यात त्याचा डाव असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला खरंच वाटतंय, की तो तुझ्यावर माया करतोय! याचीच मला शिसारी येते. हे पत्र वहिनीच्या हातात देतेय; वाचल्याशिवाय ती तुला जेवायला वाढणार नाही. डॉक्टरांना सगळं सांग, दुसऱ्या कंपनीचं यंत्र माग, माझ्याशी जन्मभर भांड हवं तर. पण दादा, तिथे ओल आली तर मी कुणाला पाठवू?

तुझीच,
भांडखोर धाकटी