कडी नसलेली दारं

४ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. आता निमूट वाच.

गेल्या सोमवारी सहावीतली एक मुलगी शाळेच्या बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. आतून कडी लागलेली. शिपाईमावशींनी हाका मारल्या, मग खेळाच्या सरांनी खांद्याने दार मोडलं. यात वीस मिनिटं गेली. तिच्या कपाळाला तीन टाके पडले. आता ती ठणठणीत आहे आणि टाके दाखवत सगळे वर्ग फिरून आली आहे. पण दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मुलामुलींच्या सगळ्या बाथरूमच्या कड्या काढून टाकल्या.

आता एक आत जाते आणि दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. माझी पकड घट्ट म्हणून मला फार मागणी आहे. मी स्वतः मात्र सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि शाळा सुटली की घराकडे अशी धावते की शेजारच्या आजोबांना वाटतं, मी स्पर्धेची तयारी करतेय. नववीतल्या आम्ही चाळीसजणींनी सह्या करून अर्ज दिला. सरांनी तो परत केला. म्हणाले, मुली माझ्यावर चिडलेल्या चालतील, पण त्यांना इजा झालेली चालणार नाही.

तू स्वतः मुख्याध्यापिका आहेस. काय लिहिलं की मुख्याध्यापक ऐकतात, तेवढं कळव. दार बंद करता येणं हा आमचा हक्क आहे की नाही?

उत्तराची वाट बघण्यात पटाईत असलेली,
तुझी भिंगरी

१० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पत्र निमूट वाचलं. मध्ये दोनदाच बोलले, तेही भिंतीशी.

अर्ज मी लिहून देणार नाही. तुझ्या सरांनी जे केलं तेच मी दोन वर्षांपूर्वी केलं आहे. तेव्हा आठवीत असलेल्या आमच्या एका मुलीला दमा आहे. तिने मधल्या सुट्टीत स्वतःला आत कोंडून घेतलं आणि तिथेच तिला धाप लागली. दार उघडेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. तिच्या आईला फोन मी केला. नंबर दोनदा चुकला. मुलगी वाचली. त्याच संध्याकाळी मी समोर उभी राहून एकेक कडी उचकटून घेतली. त्यानंतर आजवर एकही तक्रार आलेली नाही.

तुझा हक्क मला मान्य आहे गं. पण शाळेत हजार मुलं असली की मुख्याध्यापकाला रोज कुणाच्या तरी आईला फोन करावा लागण्याची धास्ती असते, ती अर्जात दिसत नाही. तू पाणी मात्र पी. हा मुख्याध्यापिकेचा हुकूम नाही, आत्याचा आहे.

दादा-वहिनींना आठवण सांग. माझ्यावर रुसलीस तरी जेवून रूस.

तुझी आत्या

१६ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. रुसले, आणि जेवूनच रुसले.

एक विचारू? तुझ्या ऑफिसशेजारच्या बाथरूमला कडी आहे का? तक्रार आली नाही म्हणतेस, पण तू कधी विचारलंस का? आमच्या पाचवीतल्या मुलीही तक्रार करत नाहीत, नुसत्या पाणी पीत नाहीत. ही वाक्यं आईला दाखवली. ती म्हणाली की फार उद्धट आहेत, आणि यातलं एकही खोडू नकोस.

आई दवाखान्यात नर्स आहे तर तिला आधी विचारायला हवं होतं, हे मला आत्ता सुचलं. त्यांच्याकडे पेशंटच्या बाथरूमला आतून कडी असते आणि बाहेर खाच. कुणी आत पडलं तर नाणं घालून फिरवायचं की दार उघडतं. मी काल जाऊन स्वतः बघितलं. आईने मला आत कोंडलं आणि सात सेकंदांत सोडवलं. आता आम्ही वर्गातल्या तिघी सरांकडे जाणार आहोत, आणि या वेळी अर्ज नाही, कडीच नेणार आहोत.

राग आला असेल तर अर्धाच ठेव.

भिंगरी

२१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. कडी आहे, पितळेची. तुझं पत्र हातात पडायच्या तासभर आधीच मी आत जाऊन ती लावली होती.

आज सुतारांना बोलावून ती काढायला लावली, आणि शिक्षकांच्या बाथरूमच्याही. आठवडाभर सगळ्यांना एकच नियम.

आत्या

२९ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. जमलं.

सरांनी कडी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले की नाणं तर प्रत्येक वात्रट पोराच्या खिशात असतं. हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आमची तोंडं पडली. पण त्यांनी आम्हाला हाकललं नाही, उलट कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने तिकोनी खाचेची कडी दाखवली. ती खास चावीनेच उघडते. एक चावी शिपाईमावशींच्या गळ्यात, एक शिक्षकांच्या खोलीत.

मग सर म्हणाले, आधी मी आत जातो. आत्या, ते खरंच आत गेले. मावशींनी तीन हाका मारल्या, दहापर्यंत आकडे मोजले आणि दार उघडलं. सर हसत बाहेर आले. हाका मारल्याशिवाय चावी लावायची नाही, हा नियम आम्ही लिहिला आणि सरांनी सही केली. काल मी सकाळी पाणी प्यायले, चार ग्लास. भूगोलाच्या तासाला फार पंचाईत झाली.

तुझ्या शिक्षकांचं काय झालं ते लपवू नकोस.

तुझी, सध्या अतिशय शहाणी,
भिंगरी

५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यात थोडं कौतुक मिसळून.

माझ्या शिक्षकांनी आठवडा काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा अर्ज आला, बावीस सह्यांचा. गणिताच्या बाई चित्रकलेच्या बाईंसाठी दार धरून उभ्या होत्या आणि दोघी एकमेकींशी चार वर्षं बोलत नव्हत्या. आता बोलतात.

मग मी मुलींमध्ये जाऊन बसले. आधी एकेकीला विचारावं लागलं, नंतर सगळ्या एकदम बोलल्या. ती दमा असलेली मुलगी आता दहावीत आहे, तीही होती. तिने सांगितलं की त्या दिवशी तिला रडायचं होतं, आणि कुणी बघणार नाही अशी शाळेत तेवढीच जागा होती. त्यानंतर ती शाळेत कधी रडली नाही, कारण कुठे रडणार? मी विचारलं, इतके दिवस मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, बाई, त्या दिवशी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरला होतात.

तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

सोमवारी तिकोनी कड्या लागल्या. धाप लागणाऱ्या मुलींनी आत जाताना मैत्रिणीला सांगून जायचं, असं त्यांनी स्वतःहून ठरवलं. मी सुचवलं असतं तर वाद घातला असता.

आता त्यांना चटक लागली आहे. मुलांच्या गणवेशाला दोन खिसे आणि मुलींच्या गणवेशाला एकही नाही, यावर त्या उद्या दहा वाजता मला भेटायला येणार आहेत. शिंपीणबाईंशी माझं बोलणं आजच झालं आणि त्यांनी होकार दिला आहे. पण ते मी मुलींना सांगणार नाही. आधी त्यांना मनसोक्त भांडू दे.

माया आहे तेवढी आहेच, तुझी थोडी वाढव.

तुझी आत्या