तुझी वाक्यं त्यांच्या तोंडी

प्रिय अक्का,

काल संध्याकाळी काकू येऊन गेल्या. तुझ्या न झालेल्या सासूबाई. परवाच अमेरिकेहून परत आल्यात. कांजीवरमखाली पांढरेशुभ्र बूट, खांद्याला पर्स, हातात बदामांची पिशवी. तू क्लास घ्यायचीस त्या व्हरांड्यात, तुझ्याच वेताच्या खुर्चीत बसल्या, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाल्या, "सुनीता म्हणजे काय सांगू... शी हॅड द पेशन्स ऑफ अ सेंट."

कुणी शिकवलं होतं गं त्यांना हे वाक्य? तूच ना?

तेव्हापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. अण्णांशी या विषयावर बोलायची सोय नाही आणि आईसमोर तुझं नाव काढलं की ती उठून आत जाते. तुला जाऊन वर्ष व्हायला आलं, तरी हे सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी सापडत नाही. म्हणून लिहायला बसले. थोडी तुझ्यावरही चिडले आहे, ते आधीच सांगून ठेवते.

इंग्रजीचं तुला भारी वेड. घरात मराठी, दारात कन्नड आणि व्हरांड्यात तुझं इंग्रजी. बनशंकरीतल्या कितीतरी मुली तुझ्याकडे बोलायला शिकल्या आणि बंगलोरभर वेगवेगळ्या ऑफिसांत टेलिफोनवर बसल्या. त्यांच्यासाठी तू एक खास धडा तयार केला होतास, माणसाला ताटकळत कसं ठेवायचं याचा. होल्ड द लाइन, प्लीज. काइंडली बेअर विथ अस. वी विल गेट बॅक टू यू शॉर्टली. कुठलं वाक्य कुणाला म्हणायचं तेही सांगायचीस. 'हँग ऑन' मैत्रिणीला, 'बेअर विथ अस' गिऱ्हाइकाला आणि 'इन ड्यू कोर्स' ज्याचं काम कधीच करायचं नाही त्याला! मुली खिदळायच्या. आतून मीही हसायचे.

"बघ नलू," तू म्हणायचीस, "आपण नुसतं 'थांब' म्हणतो. इथले लोक 'स्वल्प इरी' म्हणतात. इंग्रजीत माणसाला किती आदराने थांबवता येतं!"

आदराने! अक्का, मला आता त्या आदराचीच शिसारी येते. 'थांब' म्हणणारा माणूस निदान समोर उभा तरी असतो. हे आदरवाले वाक्य टाकतात आणि निघून जातात.

सुधीरशी तुझा साखरपुडा झाला आणि लगेच तो कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीच्या कामावर अमेरिकेला गेला. लग्न पुढच्या सुट्टीत ठरलं होतं. मग सुट्टी मिळेना. मग ग्रीन कार्डाचं आलं. मग म्हणे आधी घर घ्यायला हवं. त्याचा फोन काकूंच्या घरी यायचा, म्हणून दर रविवारी सकाळी तू तिकडे. नुसती फोनसाठी जायचीस का? पुरण वाटणं, लोणच्याच्या कैऱ्या चिरणं, गौरींची सगळी तयारी, काकूंच्या गुडघ्यांना तेल. लग्नाचा पत्ता नव्हता, पण सून मात्र त्यांनी पुरेपूर वापरून घेतली. आई म्हणायची, तिथेच जायचंय ना, आतापासून सवय होऊ दे. फोन वाजला की आधी काकू पोटभर बोलणार. उरलंसुरलं मिनिट तुला.

आणि सोमवारी तू फळ्यावर नवा वाक्प्रचार लिहायचीस. 'हँग इन देअर.' 'सिट टाइट.' 'ऑल इन गुड टाइम.' फळा वाचला की काल तो काय म्हणाला ते मला कळायचं. त्याच्या थापा तू मुलींकडून घोकून घेत होतीस, अक्का! एकदा मी विचारलंच तुला, 'येतो' असं एखादं वाक्य नाही का गं त्याच्या इंग्रजीत? तू खडूचे हात झटकलेस, बरं बरं म्हणावं तसं कन्नडात "सरी, सरी" म्हणालीस आणि मला आत भात बघायला पाठवलंस.

मग काकूंना मुलाकडे जायची हौस आली. व्हिसाची मुलाखत इंग्रजीत झाली तर काय, या धास्तीने त्यांनी तुला शिकवायला सांगितलं. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांचीच भाजी निवडता निवडता, तू त्यांना बोलायला शिकवलंस. त्यांची जीभ वळत नव्हती, तरी तू कंटाळली नाहीस. मुलाखतीला हवं तेवढं शिकवून थांबायचं होतंस! पण नाही, तू त्यांना वाक्प्रचारही शिकवलेस. 'पेशन्स ऑफ अ सेंट' त्यांना फार आवडला होता. आमच्या सुधीरला अगदी लागू पडतो, म्हणाल्या होत्या. सुधीरला!

त्याच पावसाळ्यात तुझ्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, वेळेवर काढून टाका, घाबरण्यासारखं काही नाही. आणि आपण काय केलं? अण्णा डॉक्टरांकडून निघाले ते वाटेत पेढे घेऊन थेट काकूंकडे गेले. मुलगी आता तुमची, तुम्हाला विचारल्याशिवाय ऑपरेशन कसं करायचं, असं म्हणाले. आपल्याकडे असंच करतात म्हणे. एकदा बोटात अंगठी पडली की मुलीचं पोटसुद्धा तिचं राहत नाही. काकूंनी पेढा खाल्ला आणि निर्णय दिला: डिसेंबरात सुधीर येतोय, लग्न होऊन जाऊ दे, नव्या नवरीच्या पोटावर टाके बरे दिसत नाहीत, शिवाय तिकडची हॉस्पिटलं कितीतरी चांगली.

अण्णा मान डोलावून घरी आले. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही. पण तू? साहेबासमोर न घाबरता कसं बोलायचं ते मुलींना शिकवणारी तू? गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून तू म्हणालीस, "आय विल बाइड माय टाइम." आणि वर हसलीस. त्या हसण्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर काकू मुलाला घेऊन येते म्हणून गेल्या. डिसेंबरात आला तो त्यांचा फोन, आपल्या शेजाऱ्यांकडे. सुधीरला या वेळीही जमत नव्हतं. तू रिसीव्हर कानाला लावून नुसती उभी होतीस. घरी येताना मी विचारलं, काय म्हणाल्या? तू सांगितलंस, "काइंडली बेअर विथ अस." जसं शिकवलं होतंस तसंच, एक शब्द इकडेतिकडे नाही. तेव्हा तरी तुला राग यायला हवा होता. निदान रडायचंस! तू काय म्हणालीस आठवतंय? "उच्चार किती सुधारलाय गं त्यांचा."

संक्रांतीच्या सुमारास एके दुपारी ते अपेंडिक्स फुटलं. रिक्षातून तुला हॉस्पिटलात नेलं, तेव्हा काउंटरवर तुझीच एक विद्यार्थिनी बसली होती. मला वाटलं, आता ही तुझं एखादं गोड वाक्य ऐकवणार. पण तुला बघून तिने हातातला फोन तसाच टाकला, धावत बाहेर आली आणि वॉर्डबॉयला कन्नडमध्ये ओरडली, "बेग बा! बेग बा!" लवकर ये म्हणून. तिला त्या वेळी एकही इंग्रजी शब्द सुचला नाही, आणि त्या सगळ्या काळात आपल्याशी माणसासारखी वागलेली तेवढी एकच. पण फार उशीर झाला होता. विष पोटभर पसरलं होतं, डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

तू गेल्यावर काकूंनी फोन करून अण्णांना धीर धरायला सांगितलं. धीर! तेवढाच तर धरत आलो होतो आपण सगळे.

आता कालचं ऐक. रुमाल पर्समध्ये गेला, चहा आला, आणि काकूंनी मुद्द्याला हात घातला. सुधीर अजून सावरलेला नाही म्हणाल्या. तिकडच्या मुली आपल्यात मिसळत नाहीत. त्याचं आयुष्य असंच थोडं जाऊ द्यायचं? मग माझ्याकडे बघितलं, भाजीवाल्याकडे दुधी बघतात तसं, आणि अण्णांना म्हणाल्या, "नलू आहेच की. घरातल्या घरात होऊन जाईल. त्याला जरा नोकरीत स्थिर होऊ दे. आम्हाला काही घाई नाही. वी कॅन वेट."

 तुझी खुर्ची, तुझं इंग्रजी, आणि आता तुझी जागा भरायला मी! तू रविवारी करायचीस ती कामंही बहुतेक अडून राहिली असतील.

नेहमीसारखे अण्णा म्हणणार, बघू, तुम्ही म्हणाल तसं. त्यांचे ओठ हललेही. म्हणून मीच आधी बोलले. "काकू, अक्का थांबली होती. मी थांबणार नाही. तुमच्यासाठी नाही आणि सुधीरसाठी तर नाहीच."

काकूंनी अण्णांकडे बघितलं. पोरीला समजवा, अशा नजरेने. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग उठले, बदामांची पिशवी उचलून काकूंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्यासाठी रिक्षा बघतो."

काकूंचा चहा अर्धा राहिला होता. अण्णा चपला घालून खरंच कोपऱ्यावर गेले आणि रिक्षा घेऊन आले. काकू काय म्हणाल्या माहीत नाही, कारण मी कपबशी उचलून आत गेले होते. आत आई ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला.

 काकूंना असं परत पाठवणं अण्णांना तेव्हा जमलं असतं तर, असं जेवताना माझ्या मनात आलं. त्यांच्याही आलं असणार. मी त्यांना ते ऐकवलं नाही, पण दिलासाही दिला नाही.

सोमवारपासून तुझा क्लास मी घेणार आहे. मुली येऊन विचारून जातात. तुझा तो धडा मी गाळणार नाही, त्यांना नोकऱ्या करायच्यात. पण शेवटी तू कधीच न लिहिलेलं एक वाक्य मी फळ्यावर लिहीन: आय वोन्ट वेट. आणि ते सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेईन, शेजारीपाजारी काय झालं म्हणून बाहेर येईपर्यंत.

आणि तुला एकटीला एक वचन देते. माझ्या पोटात कधी दुखलं तर मी सरळ डॉक्टरकडे जाईन. घरी येऊन सगळ्यांना सांगेन. विचारणार नाही कुणालाच.

तुझी,
नलू